अश्वत्थामा भेटतो, मामा लुटतात: ‘नर्मदे हर हर’ वाचताना

(पेठ, जि. नाशिक येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आज आम्ही एका पुस्तकावर बोलणार आहोत. जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’. हात वर करायला सांगितला तर इथल्या निम्म्या लोकांनी ते वाचलेलं निघेल, उरलेल्यांनी कोणाकडून तरी ऐकलेलं निघेल. नर्मदेच्या पायी परिक्रमेवरचं हे पुस्तक मराठीत किती हातांतून फिरलं, याला गणती नाही. हे वाचून नोकरीतून रजा काढून, काठी आणि कमंडलू घेऊन ओंकारेश्वराला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत. एक पुस्तक माणसाला घरातून उठवतं आणि चालायला लावतं, ही साधी गोष्ट नाही. मराठीत अशी पुस्तकं फार थोडी. आधी एवढं मान्य करून मग टीकेला लागू.

वाद कशावरून आहे ते तुम्हाला माहीत आहे. या पुस्तकात शूलपाणीच्या झाडीत लेखकाला अश्वत्थामा भेटतो. महाभारतातला, द्रोणाचार्यांचा मुलगा, कपाळावर जखम असलेला. आणि तो स्वप्नात भेटत नाही, चालता चालता वाटेत भेटतो. यावर दोन तट पडले. (नर्मदेला उत्तर तट आणि दक्षिण तट आहेत, तसेच हे दोन. मधे नदी, आणि परिक्रमेचा नियमच असा की ती ओलांडायची नाही!) एका तटावरचे म्हणतात, हे अनुभवाचे बोल आहेत, तुम्ही चालून या आणि मग बोला. दुसऱ्या तटावरचे म्हणतात, ही शुद्ध थाप आहे आणि असल्या थापांनीच महाराष्ट्राचं नुकसान झालं.

आम्हाला या दोन्ही तटांवर उभं राहायचं नाही. याचा अर्थ आम्ही मधे पाण्यात उभे आहोत असाही घेऊ नका. आमचं म्हणणं असं की, दोघांनीही पुस्तकाला चुकीचा प्रश्न विचारला. अश्वत्थामा भेटला की नाही, यावर आज संध्याकाळी पेठमध्ये बसून आपण निर्णय करू शकत नाही. जंगलातली वाट, एकटा माणूस, दुसरा साक्षीदार नाही. लेखक खोटं बोलतो असं म्हणायला आमच्यापाशी पुरावा नाही. तो म्हणतो ते खरं मानायलाही नाही. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आज एक शब्दही काढणार नाही. पण पुस्तक आपल्या हातात आहे आणि त्यातली वाक्यं आपल्याला तपासता येतात. त्या वाक्यांनी कोणाला चेहरा दिला आणि कोणाचा पुसला, हे पाहता येतं. पेठसारख्या गावात हा प्रश्न जास्त लागतो. का, ते पुढे येईल.

खरं-खोटं ठरवता येतं अशीही एक गोष्ट जगात घडली आहे, ती आधी सांगतो. अमेरिकेत कार्लोस कास्तानेदा नावाचा विद्यार्थी होता, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकणारा. १९६८ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. दोन हुआन नावाचा याकी जमातीचा एक म्हातारा जाणता आपल्याला भेटला, त्यानं आपल्याला गूढ विद्या शिकवली, असा त्याचा दावा. पुस्तकं लाखांनी खपली, १९७३ मध्ये त्याला डॉक्टरेटही मिळाली. मग रिचर्ड डी मिल नावाच्या एका लेखकानं काय केलं, तर त्याच्या पुस्तकांतल्या तारखा एकापुढे एक मांडल्या. एका पुस्तकात जे शिकायला नायकाला वर्षं लागली, ते दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे त्याला आधीच ठाऊक होतं. तारखा जुळेनात. १९७६ मध्ये हे छापून आलं आणि दोन हुआन हा बहुधा कागदावरचाच माणूस आहे, असं बहुतेक अभ्यासकांचं मत झालं.

पण आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तारखांचा घोळ बाहेर येण्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्येच, एडवर्ड स्पायसर या संशोधकानं, ज्यानं आयुष्य याकी लोकांच्या अभ्यासात घालवलं होतं त्यानं, सांगून ठेवलं होतं की या शिकवणुकीचा याकींशी संबंध जोडणं अनाठायी आहे. म्हणजे ज्या जमातीच्या नावावर पुस्तक खपत होतं तिची बोली, तिचे सण, तिची देवळं, तिच्या जमिनीचे झगडे यांतलं पुस्तकात काही नव्हतंच. वाचकांना याकी नको होते. त्यांना एक गूढ म्हातारा हवा होता, तो मिळाला. कुंटे यांना कास्तानेदा म्हणायचं नाही, हे परत सांगतो, नाहीतर उद्या कोणी तसं छापेल. पण स्पायसरचा प्रश्न आपण उचलून आणू या: ज्यांच्या रानात ही गूढ भेट झाली, ते लोक पुस्तकात कुठे आहेत?

तिथे जाण्याआधी थोडं मराठीच्या जुन्या रीतीबद्दल बोलायला हवं. कारण देव, सिद्ध, गुरू भेटल्याचं सांगणं आपल्याला नवं नाही. इथून घाट उतरून-चढून त्र्यंबकला गेलं की ब्रह्मगिरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरीला इथूनही माणसं जातात. त्याच डोंगराच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथांची कथा घडते: वाघ आला, कुटुंब पांगलं, पोर गुहेत शिरलं आणि आत गहिनीनाथ भेटले. आता गंमत पाहा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात, गहिनीनाथांकडून निवृत्तींना आणि निवृत्तींकडून आपल्याला. वाघ तिथे नाही. गुहेचा थरारही नाही. गुरुपरंपरा सांगायची होती, तेवढीच सांगितली. वाघ मागून लोकांनी जपला.

तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. तिथी-वार आहे, पण त्याबरोबर हेही स्वच्छ आहे की हे स्वप्नात झालं. आणि त्या स्वप्नात काय, तर गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं. माणसाच्या स्वप्नात असतो तसा विसर त्यात आहे. बहिणाबाईंना तुकोबा दिसले तेही स्वप्नात, कोल्हापुरात असताना. त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला, कारण ब्राह्मणाची बायको आणि शूद्राला गुरू मानते. हे सगळं त्यांनी स्वतःच्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं. त्यांच्या दर्शनाची किंमत त्यांनी मोजली, आणि कोणत्या पातळीवरचं दर्शन ते नाव घेऊन सांगितलं.

म्हणजे आपल्या भाषेत या अनुभवांचं एक व्याकरण होतं. स्वप्न वेगळं, दृष्टांत वेगळा, अंगात वारं येणं वेगळं, साक्षात्कार वेगळा. ऐकणाऱ्याला कळायचं की आपण कुठल्या खोलीत बसलोय. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत नेत नसत.

तुमच्याकडे तर हे अजून शाबूत आहे. डोंगऱ्या देवाच्या वेळी माऊलीच्या अंगात वारं येतं तेव्हा ते सगळ्यांसमोर येतं. पावरी वाजत असते, गाव भोवती असतो. आलेल्या देवाला माणसं प्रश्न विचारतात, तू कोण, कुठून आला, काय मागतोस. देवाचीही तपासणी होते! शहरातल्या माणसाला हे अंधश्रद्धेचं टोक वाटतं. पण निदान साक्षीदार असतात, काळवेळ ठरलेली असते, आणि कार्यक्रम संपला की माऊली दुसऱ्या दिवशी शेतात जाते, स्वामी होत नाही.

‘नर्मदे हर हर’मध्ये काय होतं, तर हे व्याकरण मोडतं. कारण हे प्रवासवर्णन आहे. प्रवासवर्णनाचा वाचकाशी एक अलिखित करार असतो की मी या गावाहून त्या गावाला गेलो, इतकं चाललो, अमक्याकडे चहा प्यालो, हे घडलंय. कुंटे यांची लिहिण्याची ढब तर फार मोकळी आहे. आपला तिखटपणा, आपल्या सवयी ते लपवत नाहीत. ढोंगी बुवांना ते चिमटे काढतात. त्यामुळे वाचकाचा विश्वास बसतो, आणि तो बसावाही. घाट खरा, धर्मशाळा खरी, पायाला आलेले फोड खरे. मग त्याच सुरात, तसल्याच वाक्यात अश्वत्थामा येतो. फोडांच्या खरेपणावर अश्वत्थामा उधारीने उभा राहतो. वाचकाला स्वर बदलल्याची खूण मिळत नाही, आणि आमच्या मते पुस्तकाची सगळी ताकद आणि सगळी अडचण या एकाच जागी आहे. हे सांगणं जर वेगळ्या सुरात आलं असतं, ‘मला असं दिसलं, मी त्याचा असा अर्थ लावला’, तर वाद झालाच नसता. अर्थात पुस्तकही इतकं खपलं नसतं, हेही खरं.

आता अश्वत्थाम्याकडे येऊ. तो कुठून आला?

महाभारतात सौप्तिक पर्वात त्याची कथा आहे. रात्री झोपलेल्या पांडवपुत्रांना मारतो, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकतो, कपाळीचा मणी काढून द्यावा लागतो, आणि कृष्णाचा शाप मिळतो: तीन हजार वर्षं निर्जन प्रदेशांतून एकटा भटकशील, अंगाला रक्ता-पुवाचा वास येईल. त्या शापात एक कलम आहे, तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. कोणाशीही, कुठेही, त्याचा संवाद होणार नाही. म्हणजे मूळ ग्रंथाप्रमाणे अश्वत्थामा कोणाला भेटून बोलणं, वाट दाखवणं, हे बसतच नाही. तो न भेटणारा माणूस आहे, त्याची शिक्षाच ती आहे.

मग वाट दाखवणारा अश्वत्थामा कुणाचा? तो लोकांचा. बऱ्हाणपूरजवळ असीरगडावर तो शिवाच्या पूजेला येतो असं लोक सांगतात. जखमेला लावायला तेल मागत फिरतो, असं खेड्यापाड्यांत सांगतात. टेंबे स्वामींच्या, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींच्या चरित्रात त्यांना नर्मदेकाठच्या रानात अश्वत्थाम्यानं वाट दाखवल्याची कथा सांगितली जाते. ते १९१४ मध्ये गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. म्हणजे कुंटे यांच्या कितीतरी आधी ही गोष्ट त्या वाटेवर चालत होती, आणि परिक्रमेला निघणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर ती आधीच पडलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या डोंगरांत, सातपुड्याचं अस्तंबा हे शिखर आहे. धनत्रयोदशीला तिथे यात्रा सुरू होते. महाराष्ट्रातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले आदिवासी अवघड चढ चढून अस्तंबा ऋषीच्या दर्शनाला जातात. हा अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा. भिल्ल आणि पावरा लोकांचा. ज्याला महाभारतानं माणसांतून हाकलला, त्याला सातपुड्यानं डोंगर दिला, तेल दिलं, वर्षातून एकदा भेटायला माणसं दिली. शापातलं ते संवादबंदीचं कलम या लोकांनी मोडलं. पंडितांनी नाही.

आम्हाला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं, आणि त्याच वेळी वाईटही. कारण ‘नर्मदे हर हर’वर मराठीत इतकी चर्चा झाली, बाजूनं झाली, विरोधात झाली, पण त्यात अस्तंब्याचं नाव कितीवेळा आलं? श्रद्धाळू म्हणाले, लेखकाची साधना मोठी म्हणून भेट झाली. विरोधक म्हणाले, लेखकाचा भ्रम. दोघांनीही मालकी लेखकाला दिली. ज्या लोकांनी हा अश्वत्थामा शतकानुशतकं जिवंत ठेवला त्यांना कोणी विचारलंच नाही, की बाबांनो, तुमचा हा ऋषी कसा दिसतो, तुमचे आजे काय सांगायचे?

का नाही विचारलं? कारण परिक्रमेच्या पुस्तकांत ते लोक दुसऱ्याच भूमिकेत असतात. तिथे ते ‘मामा’ असतात. शूलपाणीच्या झाडीत मामा लोक परिक्रमावासीला लुटतात, कपडे, भांडी, पैसे काढून घेतात. कुंटे यांच्या पुस्तकातही हा भाग येतो, दुसऱ्या पुस्तकांतही येतो. भाविकांनी याला फार सुंदर अर्थ दिला आहे: मैया आपली परीक्षा घेते, अहंकार उतरवते, मामांना तिचीच आज्ञा आहे. लुटलेल्या माणसानं राग न धरता असा अर्थ लावावा, यात एक मोठेपण आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण लुटणाऱ्याचं काय? तो या अर्थात कुठे राहिला? तो मैयाचा हात झाला. त्याला भूक नाही, घर नाही, नाव नाही. अश्वत्थाम्याला बाप आहे, वंश आहे, जखमेचा इतिहास आहे. मामाला काहीच नाही. पुराणातला माणूस रक्तामांसाचा होतो आणि रक्तामांसाचा माणूस पुराण होतो. आमची या पुस्तकाविषयी, आणि त्याहून जास्त त्याच्या वाचकांविषयी, खरी तक्रार ही आहे.

‘लुटारू’ हा शब्द पेठला नवा नाही. डिसेंबर १८५७ मध्ये हरसूलचा बाजार लुटला गेला. इंग्रजांच्या दप्तरात ती लूट म्हणूनच नोंदली आहे. त्या उठावापायी पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली. आज आपण त्याला उठाव म्हणतो, तेव्हा लिहिणाऱ्यानं त्याला दरोडा म्हटलं. खानदेशात त्याआधी, १८२५ मध्ये, आउट्रम साहेबानं भिल्लांचीच पलटण उभी केली, भिल्लांना काबूत ठेवायला. जंगल काढून घ्यायचं, मग जंगलातल्या माणसाला लुटारू म्हणायचं, मग त्यातल्याच काहींना गणवेश द्यायचा. शूलपाणीच्या झाडीतला मामा या इतिहासातून येतो. तो काही मैयानं काल पाठवलेला नाही.

आणि त्या झाडीचं पुढे काय झालं? १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासी. पहिलं मणिबेली. १९९३ मध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० रोजी लागला, धरण पुढे वाढत गेलं, १३८.६८ मीटरपर्यंत. १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात गेलं, नवं दुसरीकडे बांधलं. दक्षिण तटाची पायवाट बुडाली म्हणून परिक्रमावासी आता प्रकाशा, शहादा असे नदीपासून लांबून वळसा घेऊन चालतात.

म्हणजे पाहा, ज्या नदीकाठी माणूस ‘लुटला जातो’ म्हणून पुस्तकात अध्याय होतो, त्याच नदीकाठी अख्खी गावं लुटली गेली, आणि परिक्रमेच्या साहित्यात त्याची नोंद बहुतेक वेळा ‘वाट बदलली’ एवढीच. चोरलेल्या कमंडलूचं दुःख पानभर, बुडालेल्या गावाला एक ओळ. हा एकट्या कुंटे यांचा दोष नाही. प्रवासवर्णनाला सगळं सांगायचं बंधन नसतं, हेही आम्हाला कळतं. पण जो लेखक अदृश्य माणूस पाहू शकतो असं म्हणतो, त्याच्याकडून समोरचा दृश्य माणूस पाहण्याची अपेक्षा जरा जास्त ठेवली, तर चूक होईल का?

नर्मदेकाठचं सगळंच लिखाण असं आहे, असं समजू नका. अमृतलाल वेगड यांनी चित्रकाराच्या डोळ्यांनी नर्मदा चालून पाहिली, गुजरातीत आणि हिंदीत लिहिली. त्यांच्या पानांत धोबी आहेत, नावाडी आहेत, जेवण वाढणाऱ्या बाया आहेत, आणि वेगड त्यांना देव करत नाहीत. दुसरं उदाहरण घरचंच. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमा करून आल्या, त्यांनीही पुस्तक लिहिलं, ‘नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा’. त्याही श्रद्धाळूच आहेत, नर्मदेला मैयाच म्हणतात. पण काठावर त्यांना शाळेबाहेरची मुलं भेटली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. त्या परत गेल्या, मंडलेश्वरजवळ लेपा गावात राहिल्या आणि मुलांसाठी शिक्षणाचं काम उभं केलं. या भेटीला साक्षीदार आहेत. तिथली मुलं शिकून मोठी झाली आहेत, त्यांना जाऊन विचारता येतं. तरी ‘नर्मदा’ म्हटलं की गप्पा अश्वत्थाम्याच्याच होतात. आमच्याच होतात, दुसऱ्याला काय नावं ठेवायची.

कोणी म्हणेल, अहो, एका पुस्तकातल्या एका भेटीवर इतकं कशाला? कोणाला त्रास होतो का त्यानं? तर यासाठीच आम्ही हा विषय पुण्यात न मांडता पेठमध्ये मांडतोय.

‘मला दिसलं’ हे वाक्य कोण म्हणतं, यावर त्याचं काय होतं ते ठरतं. शिकलेला, शहरातला, छापणारा माणूस म्हणाला, मला झाडीत अश्वत्थामा दिसला, तर त्याचं पुस्तक होतं, आवृत्त्या निघतात, दीक्षा घ्यायला लोक येतात. आपल्या पाड्यावरचा भगत म्हणाला, मला दाण्यांत दिसलं की आजार कोणी लावला, तर काय होतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एखाद्या बाईला भुताळी ठरवतात. सातपुड्यात डाकीण म्हणतात, इकडे भुताळी. बहुतेक वेळा ती विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. गावातून काढतात, मारतात, जीवही घेतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच वर्षी. एखादीला करणी करते, भूत लावते असं ठरवून छळणं हा त्यानं गुन्हा झाला. हा कायदा हवाच होता. भगताच्या त्या वाक्याची आम्ही जराही पाठराखण करत नाही.

पण तराजू एकच हवा. भगताला आपण म्हणतो, तू पाहिलंस याला साक्षीदार कोण, तुझ्या पाहण्याचा भार कोणावर पडला? हेच दोन प्रश्न छापील पुस्तकाला विचारायला आपण कचरतो, कारण ते मराठी शुद्ध आहे, लेखक शिकलेला आहे. आणि उलट बाजूनं, अस्तंब्याला जाणाऱ्या भिल्लाचा अश्वत्थामा ही ‘आदिवासी समजूत’, आणि शहरातल्या लेखकाचा अश्वत्थामा हा ‘अनुभव’. एकच ऋषी, एकच डोंगर. एकाची समजूत, एकाचा अनुभव! हा फरक कुठून आला हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही.

चालण्याचंही तसंच. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले तर त्याच्या दुप्पट. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस ही परिक्रमेची जुनी मुदत. हे अंतर कोणी पायी काटलं की आपण त्याच्या पाया पडतो, आणि पडावं. पण याच नाशिक-पेठ रस्त्यानं दरवर्षी गाठोडी घेऊन, पोरं कडेवर घेऊन माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना कामाला जातात. त्यांच्या वाटेवर सदावर्त नसतं. त्यांचं प्रवासवर्णन अजून आलेलं नाही.

आता समोरच्या कॉलेजच्या मुलांशी थोडं. तुम्ही ‘नर्मदे हर हर’ वाचा. आम्ही वाचू नका म्हणायला आलेलो नाही, ते चांगलं चालतं, हसवतं, दमवतं. पण पेन्सिल घेऊन वाचा. जिथे जिथे नाव असलेला माणूस येतो तिथे एक खूण, जिथे नाव नसलेला येतो तिथे दुसरी. मग दोन्ही खुणांतली माणसं कोणत्या गावची, कोणत्या जातीची, काय काम करणारी, ते मागच्या कोऱ्या पानावर लिहा. आमच्या म्हणण्यात काही तथ्य आहे की नाही, ते तुम्हालाच त्या पानावर दिसेल. नसलं तर आम्हाला कळवा, आम्ही पुढच्या व्याख्यानात तसं सांगू.

दुसरं काम जरा अवघड. दिवाळीच्या आधी वाघबारस येईल. वाघदेवाच्या पाटापुढे तुमचे आजे-पणजे काहीतरी सांगतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देव येईल, थाळीवर काडी ओढून रात्र-रात्र कथा सांगणारे थाळकरी अजून काही पाड्यांवर आहेत. त्यांच्या कथांत देव भेटतात, वाघ बोलतो, मेलेली माणसं वाट दाखवतात. त्या मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, पण आधी विचारून. कोणी सांगितली, कोणत्या पाड्यावर, कोणत्या दिवशी, ऐकायला कोण कोण होतं, हे सगळं वर लिहा. सांगणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा, ‘एक वृद्ध आदिवासी’ असं लिहू नका. कथा कोकणीत असेल तर कोकणीतच उतरवा, मराठी नंतर करता येईल.

वेळ झाला, आयोजक घड्याळ दाखवतायत. माईक मागच्या रांगेकडे द्या. तिथल्या बाबांनी अस्तंब्याचं नाव निघालं तेव्हा हात वर केला होता, त्यांचं आधी ऐकू.